कारणाच्या रकान्यात काय लिहू?

...आणि वर मलाच म्हणतात, ‘बाबा, तुम्ही यात पडू नका!’ अहो, पडू नका म्हणजे काय? नातू कुणाचा? माझा! पहिलावहिला! मंगळवारी सकाळी जन्मला, अजून डोळे धड उघडत नाहीत, नाव ठेवलेलं नाही, आणि त्याच्यावरून घरात दोन तट! कशावरून, तर सुंतेवरून! करायची की नाही करायची! आता हा काय चारचौघांत बोलायचा विषय आहे? पण तुम्हाला सांगतो, बुधवारपासून आमच्याकडे दुसरा विषय नाही. चहा घेताना तोच, लिफ्टमध्ये तोच... लिफ्टमध्ये एक अनोळखी गृहस्थ होते बिचारे, त्यांना दुसऱ्या मजल्यावर उतरायचं होतं, ते पहिल्यावरच उतरून जिन्याने गेले! आणि या सगळ्यात मी कुठे? मध्ये! मी आपला शिंपी माणूस. पंचेचाळीस वर्षं दुकान, गळ्यात टेप, खिशात खडू. दोघंही आपलीच. माझं काय जातंय म्हणा!

सुरुवात आक्काने केली. आक्का म्हणजे माझी थोरली बहीण. वय शहात्तर, आवाज तिशीतला. बुधवारी दवाखान्यात आली, खोलीत शिरली, बाळंतिणीला ‘बरी आहेस ना’ म्हणाली, उत्तराची वाट पाहिली नाही, पाळण्यात वाकून बघितलं आणि म्हणाली, ‘छान आहे. कधी करायचं?’

सूनबाई म्हणाली, ‘काय कधी करायचं?’

‘अगं, सुंता!’

आमच्याकडे ही पद्धत खापरपणजोबांपासूनची. सूनबाईच्या माहेरी नाही. लग्न ठरताना सगळं बोलून झालं होतं हो, हॉल कुणाचा, फोटोवाला कुणाचा... हे कुणाच्या डोक्यात येणार? आणि आमची सूनबाई भांडत नाही, हीच तर भीती! ओरडणाऱ्या माणसाला समजावता येतं. ही हळू बोलते. म्हणाली, ‘आक्का, अंग त्याचं आहे. त्याला कळायला लागल्यावर त्याचं तो ठरवेल.’

झालं! आक्का पदर खोचून उभी राहिली. ‘त्याचं तो ठरवेल? मग नखं कापताना विचारणार आहेस त्याला? लस टोचताना विचारणार आहेस?’

सूनबाई म्हणाली, ‘नखं परत येतात, आक्का. आणि लस आजार टाळायला देतात. याला झालंय काय?’

‘काही होऊ नये म्हणूनच तर करायचं! मोठेपणी करायची वेळ आली तर किती हाल होतात, माहीत आहे? आत्ता केलं तर त्याला आठवणारसुद्धा नाही!’

‘आठवणार नाही म्हणून दुखणार नाही का?’

आता बोला! मी खिडकीबाहेर बघायला लागलो. बाहेर भिंत होती. चांगली दहा मिनिटं भिंत बघितली मी.

शेवटी डॉक्टरीणबाईंना बोलावलं. मला वाटलं, शिकलेली बाई, एक घाव दोन तुकडे करेल. कसलं काय! ती स्टेथोस्कोप सावरत म्हणते, ‘हे बघा, फायदे आहेत, पण थोडे आहेत. धोके आहेत, पण तेही थोडे आहेत. इन्फेक्शनचं प्रमाण जरा कमी होतं म्हणतात, कधी रक्तस्राव होऊ शकतो. बाळ अगदी निरोगी आहे, त्यामुळे गरज अशी नाही. करायचंच असेल तर भूल देऊन नीट करू. आई-वडिलांनी ठरवायचं.’ आक्का म्हणाली, ‘मग तुम्ही एवढं शिकलात कशाला?’ डॉक्टरीणबाई हसल्या आणि गेल्या! त्यांचं बरं आहे. आणि माझं तरी काय जातंय म्हणा!

पण चिरंजीव... आमचे चिरंजीव शाळेत मास्तर आहेत, दिवसभर बोलायचं म्हणून पगार मिळतो त्यांना. ते गप्प! मला हळूच बाहेर व्हरांड्यात घेऊन गेले. म्हणाले, ‘बाबा, माझ्या वेळी कुणी ठरवलं होतं?’

मी म्हटलं, ‘ठरवायचंय काय त्यात? सगळ्यांचं करतात, तुझं केलं.’

‘तुम्हाला काही वाटलं नाही?’

‘दुकानात सीझन होता,’ मी म्हटलं.

तर म्हणतो कसा, ‘बाबा, तुम्ही कारागिरांना पहिल्या दिवशी काय सांगता?’ आता काय सांगतो? सगळ्या गावाला माहीत आहे काय सांगतो! गिऱ्हाईक समोर नसेल तर कापडाला कात्री लावायची नाही! त्याचं असं झालं होतं, एकदा एकजण आला, म्हणाला, भावाचं लग्न आहे, त्याचा सूट शिवा, त्याला वेळ नाही, माझंच माप घ्या, आम्ही दोघं सारखेच. घेतलं माप, कापलं कापड. लग्नाच्या आदल्या दिवशी नवरामुलगा आला... दरवाजातून वाकून आला हो! सहा फूट दोन इंच! पँट नडगीवर! आणि मी काय करणार? जास्तीचं कापड असतं, शिवणीच्या आत दुमडून ठेवलेलं... आम्ही त्याला माया म्हणतो, शरीर वाढलं, पोट सुटलं तर उसवून सैल करता यावं म्हणून सोडतो... पण माया सोडून सोडून किती सोडणार? एक इंच, दीड इंच! कापलेलं कापड लांब होत नाही. तो बिचारा बोहल्यावर गुडघे वाकवून उभा राहिला. तेव्हापासून हा नियम. आणि पोरानं तो माझ्याच गळ्यात घालावा? म्हणे, ‘इथे गिऱ्हाईक समोर आहे, पण त्याला बोलता येत नाही. मग थांबायला नको?’ मी म्हटलं, ‘तू मास्तर कशाला झालास, वकील व्हायचं होतंस!’ आणि तडक आत आलो.

गुरुवारी दुपारी काय झालं, ऐका. चिरंजीव आणि आमची ही घरी गेले कपडे आणायला. सूनबाईला झोप लागली. आक्काने मला खूण केली. मी सदुसष्ट वर्षांचा घोडा, पण आक्काने डोळ्याने खूण केली की माझे पाय आपोआप चालू लागतात! म्हणाली, ‘जा, फॉर्म घेऊन ये. भरून ठेव. पोरगा आला की सही तेवढी घेऊ, कागद पुढे आला की माणूस सही करतो.’ आणि तुम्हाला खोटं कशाला सांगू, गेलो मी. काउंटरवरच्या सिस्टर म्हणाल्या, ‘आजोबांची सही चालत नाही हं.’ मी म्हटलं, ‘भरून ठेवलेला तर चालतो?’ म्हणाल्या, ‘भरा की.’

बसलो बाकावर. पेन नाही! खिशात निळा खडू. घेतला खडू, लागलो भरायला. बाळाचं नाव... नाव कुठे आहे? लिहिलं ‘बाळ’. वय, दोन दिवस. पुढे होतं ‘वजन’. वजन मला काय ठाऊक? मी पहिल्याच दिवशी टेप लावून माप घेतलं होतं त्याचं, पाठ होतं, लिहून टाकलं... छाती तेरा, उंची वीस, बाही सहा! आणि मग आला रकाना. ‘करण्याचं कारण.’ खाली तीन मोकळ्या ओळी.

लिहिलं, ‘पद्धत.’ वाचून बघितलं. आता पद्धत हे काय कारण झालं? आमच्या बापाची पद्धत होती, पोरांना पायाने शिवणयंत्र मारायला बसवायचं वयाच्या सातव्या वर्षी. ती मोडलीच की मी! खोडलं. लिहिलं, ‘स्वच्छता.’ पण डॉक्टरीणबाई म्हणाल्या होत्या, नीट धुतलं की झालं. खोडलं. बराच वेळ बसलो आणि लिहिलं, ‘आक्का.’ खरं कारण तेच होतं हो! पण सरकारी-बिनसरकारी कुठल्याही फॉर्ममध्ये ‘आक्का’ लिहून कसं चालेल? तेही खोडलं. हात निळे, कागद निळा, आणि ओळी संपल्या. लोकांच्या भानगडीत मी कशाला घाम गाळतोय? माझं काय जातंय म्हणा... असं म्हटलं खरं, पण कागद काही खाली ठेवला नाही.

आणि मान वर करतो तर काय, समोर चिरंजीव!

त्याने कागद माझ्या हातातून घेतला. तुम्हाला सांगतो, त्याचा चेहरा बघवेना. ‘माझ्या मागे, बाबा?’ एवढंच म्हणाला. ओरडला असता तर परवडलं असतं. मी वाटच बघत होतो ओरडायची. पण त्याने वाचायला घेतलं. ‘पद्धत’ वाचलं, ‘स्वच्छता’ वाचलं, ‘आक्का’वर आला आणि त्याचे खांदे हलायला लागले. मला वाटलं, रडतोय. हसत होता गाढव! हसता हसता बाकावर टेकला माझ्या शेजारी. म्हणाला, ‘बाबा, खरं सांगा. माझ्या वेळी काय लिहिलं होतंत?’

मग मात्र मला राहवेना. बत्तीस वर्षं कुणाला बोललो नव्हतो. हिलासुद्धा नाही. मी म्हटलं, ‘काही लिहिलं नव्हतं रे. तेव्हा रकानाच नव्हता. सही कर म्हणाले, केली. सिस्टर तुला न्यायला आल्या तेव्हा तू माझ्या मांडीवर होतास. माझं बोट धरून ठेवलं होतंस. सोडेनास. मी... मी एकेक बोट सोडवलं तुझं. माझ्या हाताने सोडवलं. आणि दार लागलं, तसा तू रडलास, आणि मी उतरलो जिना. रस्त्यापलीकडे जाऊन उभा राहिलो. तिथेही ऐकू येतंय असं वाटत होतं. नंतर चार दिवस तुला उचलून घेतलं नाही मी. तुझी आई म्हणायची, दुकानात सीझन आहे. सीझन कसला! तुझ्याकडे बघायची लाज वाटत होती.’

त्याने माझा हात हातात घेतला, निळा झालेला, आणि म्हणाला, ‘बाबा, मला काही आठवत नाही. काही त्रासही नाही. राग तर नाहीच नाही. तुम्ही सगळ्यांसारखं वागलात. पण हे मला आधी का नाही सांगितलंत? मी दोन दिवस एकटाच घाबरलोय. मला वाटत होतं, आपल्या घरात असं वाटणारा मीच एक बुळा.’

मी म्हटलं, ‘नाही रे राजा. तुझा बाप तुझ्याआधीपासून बुळा आहे.’

दोघंही बसलो तिथे. एक सिस्टर पाण्याचा ग्लास ठेवून गेली. तिला वाटलं, आमचं कुणी गेलं!

आता आक्काला कोण सांगणार? मीच गेलो. म्हटलं, ‘आक्का, फॉर्म काही भरला जात नाही. कारण सापडत नाही.’ सदुसष्ट वर्षांत मी पहिल्यांदा तिला नाही म्हटलं. मला वाटलं, आता छत खाली येणार. पण आक्का एकदम लहान पोरीसारखी बसली हो खुर्चीत. म्हणाली, ‘मला तरी काय हौस आहे का रे त्याला रडवायची? पण घरातल्या सगळ्यांचं एकसारखं, आणि याचं वेगळं. उद्या कुणी म्हटलं, हा तुमच्यातला नाही, तर?’

तेवढ्यात सूनबाईने... झोपली नव्हतीच ती, सगळं ऐकत होती... पोराला उचलून सरळ आक्काच्या मांडीवर ठेवलं. म्हणाली, ‘नाक बघा, आक्का. अख्खं तुमचं आहे. कोण म्हणेल तुमच्यातला नाही?’

आक्काने चष्मा पुसला. नाक बघितलं. एका बाजूने बघितलं, दुसऱ्या बाजूने बघितलं. म्हणाली, ‘माझंच आहे मेलं.’ आणि लागली रडायला. मग कपड्यांची पिशवी घेऊन आलेली आमची ही रडायला लागली, चिरंजीव रडायला लागले, सूनबाईसुद्धा! रडला नाही एकटा तो. गाढ झोपला होता. मी? माझ्या डोळ्यात खडू गेला होता.

पण आक्का ती आक्काच! नाक शिंकरून म्हणते, ‘ठीक आहे. नका करू. पण त्याला विचारायचं म्हणालात ना, मग विचारायचंच! अठराव्या वर्षी, समोर बसवून, दोन्ही बाजू नीट सांगून. टाळाटाळ चालायची नाही. आणि सांगायचं कुणी? आईने सांगितलं तर आईची बाजू, बापाने सांगितलं तर बापाची. याने सांगायचं!’ आणि बोट कुणाकडे? माझ्याकडे! चिरंजीव म्हणाले, ‘बरोबर.’ सूनबाई म्हणाली, ‘बाबांनीच.’ ही तर लगेच म्हणाली, ‘मग उद्यापासून साखर बंद आणि सकाळी चालायला जायचं.’ मी म्हटलं, अगं, मी सदुसष्ट, त्यात अठरा मिळवा, पंच्याऐंशी होतात! आक्का म्हणते, ‘होऊ देत की. मीही येणार आहे ऐकायला.’ चौऱ्याण्णवाव्या वर्षी!

म्हणजे बघा, दोन दिवसांच्या पोराची मर्जी सांभाळायची म्हणून केवढा तो काथ्याकूट, आणि माझं पंच्याऐंशीपर्यंतचं आयुष्य यांनी दोन मिनिटांत ठरवून टाकलं, मला एका शब्दाने न विचारता! आता जगावं लागणार, दुसरं काय करता!