एकही गाठ नको

— नाही, दिपमालाताई, मोर्चात नाही बोलणार मी. माईक कशाला? बाळंतिणीजवळ घरची बाई असू द्या, तिला मारू नका — चांगलं आहे तुमचं पत्रक, पण माझी बहीण येईल का त्यानं परत? पिशवीकडं काय बघता? विळाच आहे, बाजरी कापायचा. त्या आयाची ड्यूटी आता सुटेल, दवाखान्याच्या ह्याच गेटातून येईल ती. बसायचं तर बसा.

पहिलं बाळंतपण, म्हणून धुळ्याहून सारिकाला मीच आणली माहेरी. कळा सुटल्या तशी माय म्हणे, ‘बठ्ठ्या गाठी सोड रे भाऊ, एक बी ठेवू नको’ — आमच्यात असतं तसं, घरातलं सगळं मोकळं केलं की बाई मोकळी होते. मी पेटीचं कुलूप काढलं, गाईचं दावं सोडलं, बुटाच्या नाड्यासुद्धा — हसता? हसा. तशाच लोंबत्या नाड्यांनी तिला इथं आणलं. अन् आत काय केलं त्या आयानं? सारिकाचे दोन्ही हात खाटेला बांधले! का? तर कळ आली, पाय झाडला, तो आयाला लागला. अहो, गाय पण झाडते, आम्ही गाईला मारतो का? हिला थोबाडीत दिली, बाहेर ऐकू आली मला. ‘तेव्हा गोड लागलं, आता बोंबलतेस?’ — असं बोलली, ताई, पहिलटकरणीला! मायला तर दारातूनच ढकललं. सारिका ओरडे, ‘भाऊ, माले घर लई चाल’, घरी ने म्हणे — मी दार फोडलं, आडव्या आलेल्या वॉचमनचे दात पाडले — तर ती आया स्टुलावर चढून कोपरानं पोट दाबतेय, सगळा भार टाकून. रक्त माझ्या बुटांखाली आलं. पोरगी जगली. सारिका नाही. पोलिसांनी धरलं कुणाला? मला! जामिनावर आहे आता.

ही बघा, बांधायची पट्टी. हात गार पडल्यावर मनगटातून तशीच ओढून काढली. गाठ आहे अजून. मायला हात लावू देत नाही मी. त्या बाईचा जीव घेईन अन् मगच ही गाठ —

आली. तीच ती, डबा घेऊन. उठा. पिशवी सोडा, ताई. तिकडून धरू नका, पातं आहे तिकडं. सोडा म्हणतो ना! ओढू नका — अहो, ओढू —

कापलं ना! किती रक्त... मूठ उघडा. उघडा आधी. माझं ऐका, मी नाही जात तिच्यामागं, गेली ती, बसली रिक्षात, बघा. रुमाल नाही माझ्याकडं. ही पट्टी आहे — थांबा, गाठ सुटत नाही, दातानं... काय मारली आहे रांडेनं... सुटली. द्या हात. नाही, घट्ट नाही बांधत. दुखलं तर सांगा.

अन् जा आता. जा म्हणतो ना.