रेवणप्पाला ऐकू आलं नाही तो मंगळवार

...आणि वर म्हणे वडिलांनीही नाटक करायचं. आता तुम्हीच सांगा, चूक पोरानं केली, काय शिकवायचं ते पोराला शिकवा, बापाला कशाला उभं करता? आमच्या रेवणप्पाचं हेच म्हणणं. सात रस्त्याजवळच्या त्या हॉलच्या पायऱ्या चढताना हेच, उतरताना हेच, "मी पाण्याच्या मोटारी दुरुस्त करणारा माणूस, मला काय करायचंय वो नाटक?"

चूक काय म्हणाल, तर तुम्हाला सांगतो, लहान नव्हती. त्याचा बसवेश चौथीत. वर्गात अभिमन्यू म्हणून एक पोरगा, कानाला ऐकायचं मशीन लावतो. मधल्या सुट्टीत बसवेशनं ते काढून लपवलं, आणि मग पाच-सहा जण त्याच्यासमोर नुसती तोंडं हलवायला लागली... आवाज न काढता. मशीन परत दिलं, पण अभिमन्यूनं शाळेत यायचंच बंद केलं. दोन आठवडे. बाईंनी बोलावून सांगितलं, ड्रामा थेरपी म्हणून असते, नाटक करता करता दुसऱ्याला काय वाटतं ते पोरांना कळतं, मंगळवारी मोबाइलवर, रविवारी हॉलमध्ये, पालकांसकट. त्या दिवशी रेवणप्पानं एक मोटार दोनदा उलटी जोडली, माझं दुकान शेजारीच आहे, मी बघितलं की.

पहिल्या रविवारी ते नाटक घेणाऱ्या दाक्षायणी मॅडमनी काय करावं, त्याला शाळेतलं बाक केलं. ज्याच्यावर कुणीच येऊन बसत नाही असं बाक. हा ओणवा, वीस मिनिटं. मॅडम अगदी हळू आवाजात, "बाबा, या बाकाला आत काय वाटतंय?" हा म्हणाला, "बाकाचे गुडघे लई दुखतायत, मॅडम." आणि घरी येऊन परत, मी मोटारी दुरुस्त करणारा माणूस...

मग आला मंगळवार. मोबाइल डब्याला टेकवलेला, रेंज तर काय विचारू नका. मॅडम म्हणतायत, "बाबा... डावा... सगळे... खाली..." यानं डावा हात वर केला, तर बाकीचे सगळे बसलेले. हा बसला, तर सगळे उठून टाळ्या वाजवतायत. "काय? काय म्हणाल्या?" पोरं हसायला लागली. बारा चौकटींत बारा तोंडं, हसताना दिसतायत आणि आवाज नाही. शेजारी बसवेश पोट धरून हसतोय. रेवणप्पानं आणखी एकदा विचारलं, "काय?" आणि मग एवढंसं तोंड करून म्हणाला, "जाऊ दे, मी बसतो तिकडं," आणि उठून भिंतीपाशी जाऊन बसला.

बसवेशचं हसू तिथंच थांबलं. हे तोंड त्यानं आधी पाहिलं होतं की, वर्गात. मॅडमना परत विचारलं, मोबाइल कानाला लावून ऐकलं, गेला बापासमोर, हनुवटी धरून स्वतःकडं वळवली आणि एकेक शब्द सांगितला, "अप्पा, मॅडम म्हणतायत, हात खाली घ्या." पुढचा अर्धा तास हेच चाललं, मॅडम बोलणार आणि हा समोर उभा राहून सांगणार. सगळं संपल्यावर म्हणाला, "अप्पा, अभिमन्यूला पण असंच झालं असेल का?"

"मला काय माहीत," रेवणप्पा म्हणाला, "त्यालाच विचार की."

दुसऱ्या दिवशी दोघं अभिमन्यूच्या घरी. दार त्यानंच उघडलं. बसवेश समोर उभा राहिला आणि गल्लीला ऐकू जाईल एवढ्या आवाजात, "मी. वाईट. वागलो. शाळेत. ये."

अभिमन्यू म्हणाला, "ओरडू नको, मशीन लावलंय."

रेवणप्पा सांगतो, मला हसावं का रडावं कळेना. पोरगं हो म्हणालं नाही, नाही पण म्हणालं नाही. पण सोमवारी बाईंचा फोन आला. अभिमन्यू वर्गात आलाय, आणि आपण होऊन बसवेशशेजारी बसलाय. रेवणप्पानं हातातला पाना खाली ठेवला, म्हणाला, "मी मोटारी दुरुस्त करणारा माणूस..." मीच चहा सांगितला.

झालं, सुटला म्हणाल. कुठला सुटतोय वो? पोराला आता सवय लागली. त्याची बायको हेमावती स्वयंपाकघरातून काही बोलली की हा येतो, बापाची हनुवटी धरतो, "अप्पा, आई म्हणतेय पंखे पुसा." लग्नाला चौदा वर्षं झाली, पंख्याचं कधी ऐकूच यायचं नाही रेवणप्पाला.

काल तिन्ही पुसले.