पाचवी सवाष्ण आणि पाणमांजरं

अगं, परवा उद्यापनाच्या दिवशी माझा काय गोंधळ झाला! स्वयंपाक तयार होता, पण पाचवी सवाष्ण मिळेना आणि तिच्याशिवाय व्रत पुरं होईना. तेवढ्यात कृष्णेतली पाणमांजरं मोजणाऱ्या मॅडम दारात आल्या.

"काकू, पाणमांजरं दिसतात का? ती धोक्यात आलीत."

"परवाच घाटावर तीन दिसली. मग धोका कसला?"

"नुसता आकडा नाही बघत आम्ही. आधी किती होती, किती झपाट्यानं घटली, तेही बघतो."

"म्हणजे आमच्या सवाष्णींसारखं? पूर्वी गल्लीतच अकरा मिळायच्या. आता कुणी कुपवाडला ड्यूटीवर, कुणाला शुगर. आज चारच आल्यात."

"मग त्याही धोक्यातच की!"

तेवढ्यात त्यांचं मंगळसूत्र दिसलं.

"अहो मॅडम, वही ठेवा, पाय धुवा. पाचवं पान वाढते."