सुमनबाईंनी निवडलेलं कापड

टर्रर्र! लहानपणी कापड दुकानात कामाला होतो, तेव्हा फाडतानाच्या या आवाजावरून मी कापडाचा कस ओळखायचो. पण टी-शर्टचं होजिअरी कापड कात्रीनं कापतात, त्याला आवाजच नाही. म्हणून मागच्या वर्षी माझ्या दुकानात ठोक माल भरताना मी चुकलो. टी-शर्टांचे धागे निघाले आणि ढोकीच्या साखर कारखान्याकडचे ऊसतोडीवाले आमच्याकडं येईनात.

यंदा एजंट टी-शर्टच्या कापडाचे नमुने घेऊन आला. म्हणाला, "काका, ह्ये घ्या. लई मऊ हाय."

मी हो म्हणणार, तेवढ्यात दुकानात आलेल्या ऊसतोडीच्या सुमनबाई एजंटाला म्हणाल्या, "साहेब, एक दिवस उसाच्या फडात या, मग मऊ काय ते सांगते."

कोयत्यानं घट्टे पडलेला, भेगाळलेला तळहात त्यांनी कापडावरून ओढला. धागे वर आले.

"ह्ये न्हाय."

दुसऱ्याचंही तसंच झालं. तिसऱ्या, घट्ट विणीच्या कापडावरून मात्र हात सरळ निघाला.

"काका, ह्ये घ्या."

मी त्याच कापडाचे टी-शर्ट भरले.

हंगाम सरताना सुमनबाई रस्त्यात दिसल्या. लुगड्यावर आमचाच टी-शर्ट.

"बाई, कसं निघालं कापड?"

त्यांनी बाहीवरून तळहात ओढून दाखवला. एकही धागा वर आला नाही. मग त्या चालत्या झाल्या.