बिनऔषधाची डिश

(लेकीच्या संशोधन-प्रयोगशाळेबाहेरचा जिना. तिसऱ्या मजल्यावर बाबा धापा टाकत उभे, काखेत बीपी मोजायचं यंत्र.)

लेक : बाबा, आधी बसा बघू या बाकावर. तीन जिने चढून आलात? लिफ्ट काय शोभेला ठेवलीय?

बाबा : लिफ्टने आलो असतो तर आकडा जोरदार आला नसता. लाव, यंत्र लाव. बिनऔषधाची डिश हजर आहे!

लेक : काय?

बाबा : तूच म्हणालीस ना मागे फोनवर? औषध न घातलेली पेशींची डिश शेजारी नसेल, तर औषध घातलेलीला काडीचा अर्थ नाही. मला लगेच पटलं. जन्मभर दुकानदारांचे तराजू तपासले मी. पारडी रिकामी असताना काटा मध्यावर येत नसेल, तर पुढचं सगळं वजन खोटं.

लेक : म्हणून तुम्ही…

बाबा : चार दिवस बीपीची गोळी बंद, तू डिशमध्ये घालतेस तीच. पारडं रिकामं!

लेक : बाबा! बीटा-ब्लॉकर अशी एकदम बंद करतात का कोणी? हात द्या इकडे. अहो, केवढी धडधडतेय नाडी!

बाबा : बघ, फरक पडला की नाही? लिहून घे.

लेक : लिहून काय घेऊ, कपाळ? गोळी रोज हृदयाचे कान झाकते, म्हणून हृदयाला हळूहळू जास्तीचे कान फुटतात. झाकण एकदम काढलंत की साध्या हाकेलाही दचकतं ते. माणसं यात दवाखान्यात भरती होतात. छातीत दुखतंय? घाम?

बाबा : नाही गं. नुसती धडधड. तुझी आई लग्नाला हो म्हणाली तेव्हा झाली होती तेवढीच.

लेक : आता विनोद नकोत. गप्प बसा, डॉक्टरांना लावते… हॅलो डॉक्टर, बाबांनी गोळी बंद केलीय… हो, स्वतःच्याच मनाने. चार दिवस झाले… नाही, दुखत नाही म्हणतात… बरं, नेहमीची एकच, दुप्पट नाही. आणि लगेच ईसीजीला आणते… गोळ्यांची पट्टी खिशात आहे ना? उघडा तोंड.

बाबा : पाणी तरी दे. बाटली दे ती… हं, गेली पोटात. आता सांग, माझ्या आकड्याचं काय?

लेक : तुमच्या आकड्याचा नि माझ्या कामाचा संबंधच नाही. मी हृदय बघतच नाही. मी बघते रक्तवाहिनीच्या भिंतीतल्या स्नायूपेशी.

बाबा : पण गोळी तीच ना?

लेक : गोळी तीच, उद्योग दुसरा. पेशीला आवळायचा हुकूम आला की तिच्या पातळ पडद्यातला थोडा मेद तुटतो, आणि त्याचे तुकडे तो निरोप आत पोचवतात. एका जातीच्या तुकड्याचा दुसऱ्या जातीचा तुकडा करणारं एक एन्झाइम असतं. ही गोळी त्या एन्झाइमचाच हात धरते. मग पहिल्याचा ढीग साचतो आणि दुसरा कमी पडतो.

बाबा : म्हणजे नोकरी एकीकडे आणि जोडधंदा दुसरीकडे.

लेक : तसंच. पण जोडधंदा दिसायला आम्ही डिशमध्ये जेवढं औषध ओततो, तेवढं तुमच्या रक्तात कधी पोचतच नाही. तुम्ही चार दिवस काय, चार वर्षं गोळी सोडली असती तरी मला त्यातून काही कळलं नसतं.

बाबा : अरेच्चा. मग फुकटच गेली म्हणायची मेहनत.

लेक : मेहनत! मला विचारायचं तरी एकदा. जिवाशी खेळायची एवढी हौस कसली?

बाबा : हौस कसली डोंबलाची. तुझ्या त्या डिशा. सुट्टीच्या दिवशी त्यांच्यासाठी धावतेस, मध्यरात्री उठून बघून येतेस. मला वाटलं, आपणही एक डिश झालो तर रोज फोन तरी येईल.

(लेक बाटलीचं झाकण लावता लावता डोळे पुसते.)

बाबा : ए, रडू नकोस हं. माझी नाडी आणखी वाढायची.

लेक : मी चुकले, बाबा. चला, लिफ्ट आली. सावकाश… उद्यापासून रोज सकाळी फोन करीन. गोळी घेतलीत का, ते विचारायला.

बाबा : आणि घेतली म्हणालो, की लगेच फोन ठेवशील.

लेक : नाही ठेवणार.