आत्यानं सांगायचं नाव

ईरम्मा : पोराची आत्या मी हाय का तू? पाळण्यात वाकून कानात नाव मी सांगणार. आन् मी सोमलिंगच सांगणार.

चन्नप्पा : अक्का, बाया यायची येळ झाली. चन्नवीर ठरलंय. मी बाप हाय त्याचा.

ईरम्मा : आन् मी तुझी थोरली भैन. सोमू काय परका हुता? पाठचा भाऊ तुझा. तीन सालं झाली जाऊन, ह्या घरात कुणी त्याचं नाव काढत न्हाय.

चन्नप्पा : काढण्यासारखं काय ठिवलं त्यानं? अफूपायी मिलमधनं हाकलला. गळ्यातल्या लिंगाची चांदीची डबी इकून खाल्ली. लिंगायताचं पोर, आन् लिंग चिंधीत बांधून हिंडायचं. लोक मला तोंडावर इचारायचे.

ईरम्मा : लोकांनी इचारलं म्हनून तू दाराला कडी घातलीस.

चन्नप्पा : व्हय, घातली.

ईरम्मा : थंडीचे दिवस हुते. तळ्याकाठी एकटा गेला तो. आन् मला निरोप कवा? माती दिल्यावर तिसऱ्या दिवशी. अक्कलकोट काय लई लांब हाय? गाडीत बसलं की दोन तासांत हितं.

चन्नप्पा : तू रडत आली असतीस. चाळभर बोभाटा झाला असता.

ईरम्मा : बोभाट्याचं भ्या. दोन-दोन पाळ्या त्याला मिलच्या सांच्यावर उभा करणारा मुकादम, तो जॉबर, अजून मिशीला पीळ देत हिंडतोय. “तोंडात धर, अंग दुखायचं न्हाय” म्हनून पयली गोळी त्यानंच दिली. अफूचं दुकान सरकारी परवान्याच्या पाटीखाली दिवसभर उघडं. त्यास्नी कोण कडी घालतंय? सगळ्यांचा राग एकट्या सोमूवर.

शिवबाई : अक्का, जरा हळू. पोर उठंल.

ईरम्मा : उठू दे की. मघाधरनं मी घसा फोडतीया, हे हललं सुदिक न्हाय. कवा पाजलंस?

शिवबाई : सकाळी. तवापासनं झोपलंय.

ईरम्मा : बघू. ये राजा. (पाळण्यातनं पोर उचलते.) अगं, मान बघ कशी टाकतंय. चिमटा काढला तरी रडंना. शिवबाई, तुझ्या नखाला हे काळं काय हाय?

शिवबाई : काय न्हाय.

ईरम्मा : मी इचारतीया.

शिवबाई : बाळगोळी. तिळाएवढीच. समद्याच बाया देत्यात, अक्का. महिना झाला मी कामावर जातीया. आज सुट्टी म्हनून लांबलेलं बारसं धरलं, पर स्वैपाक हुता, पाव्हण्या यायच्या, रडू नये म्हनून.

ईरम्मा : अफू.

शिवबाई : बाळगोळी म्हनत्यात.

ईरम्मा : काय बी म्हना. चन्नू, तुला ठावं हाय हे?

चन्नप्पा : मीच आणतो.

ईरम्मा : असं. सोमूचं नाव ह्या घरात चालत न्हाय, सोमूची गोळी चालती.

चन्नप्पा : ती येगळी, अक्का.

ईरम्मा : दुकान येगळं हाय? अडीच महिन्यांचं पोर हे. सोमूला तरी मिसरूड फुटल्यावर पयली गोळी मिळाली.

चन्नप्पा : ती पयली न्हवती.

ईरम्मा : काय म्हनलास?

चन्नप्पा : तुझं लगीन झालं, तू अक्कलकोटला गेलीस. आई मिलच्या रीळखात्यात कामाला जायची. सोमू माझ्याजवळ. आई सांगून जायची, लईच रडला तर एक गोळी दे उगाळून. मी आठ वर्सांचा हुतो. न्हाय रडला तरी द्यायचो. दोन द्यायचो. मग भाईरनं कडी लावून तालमीत कुस्त्या बघाया जायचो.

ईरम्मा : आईला म्हाईत हुतं?

चन्नप्पा : न्हाय. शेजारणींना कवतिकानं सांगायची, चन्नूजवळ पोर कसं गुमान ऱ्हातंय.

ईरम्मा : आन् त्याच पोराला तू चालता हो म्हनलास.

चन्नप्पा : दारात बसून मागायचा, अक्का. डोळं ल्हानपणी व्हायचं तसंच झालेलं. मला बघवंना.

ईरम्मा : तुला बघवंना म्हनून तो भाईर मेला. माफी मागू नगंस. मी करायची न्हाय.

शिवबाई : अक्का, बोला तुमी, तुमचा हक्क हाय. पर उद्या मिलचा भोंगा झाला की ह्याला कुटं ठिवू, ते बी सांगा. शेजारची म्हातारी संभाळाया निजलेलं पोरच घेती. मी घरी बसले तर माझ्या जागी दुसरी उभी. गोळी मी काय हौसंनं देतीया व्हय?

ईरम्मा : ती पुडी आण. टाक चुलीत. चन्नू, उभा काय ऱ्हातोस, तळवं चोळ त्याचं. जोरात. शिवबाई, पदर वला करून तोंड पूस. आन् अक्कलकोटला निरोप धाडा, ईरम्मा दिवाळी झाल्याबिगर येत न्हाय म्हनावं.

चन्नप्पा : दाजी काय म्हनतील?

ईरम्मा : काय म्हनायचं ते मला म्हनतील. चोळ तू. हां, पाय वढला बघ. थांबू नगंस.

शिवबाई : बाया आल्या दारात. त्यास्नी काय सांगू? कुठलं नाव ठरलं म्हनू?

चन्नप्पा : अक्काला इचार.

ईरम्मा : बसा म्हनावं. पोर जागं झालं की सांगते.