कोचीची खरेदी

लोणारच्या स्टँडवर बसची वाट पाहणाऱ्या अनुपमाच्या कानावर मागच्या बाकावरच्या दोघी म्हाताऱ्यांचं बोलणं येत होतं.

“सोजरा, पोरानं तुले जहाजातून फिरवून आणलं म्हणे?”

“हाव. कोचीले जहाज थांबलं, तर सारे दिवसभर बाजारात गेले.”

“अन् तू?”

“मी बंदरावर बसली, थैल्या राखत. सून एकेक थैली आणून ठेवे अन् पुन्हा जाय.”

“काय काय घेतलं वं तिनं?”

“तिच्या मायले साडी, बहिणींले मोत्याच्या माळा. कामवालीलेबी पर्स घेतली.”

“अन् तुले?”

“जहाजाचा भोंगा वाजला न. वेळच कुठं राह्यला?”

“पोरगं काहीच नाही म्हणलं?”

“म्हणला ना. ‘माय, तुले काय लागते आता?’”

“मंग हे नवं पातळ?”

“मेहकरातून घेतलं म्या. गावात मात्र सांगजो, पोरानं तिकडून आणलं.”